अर्टिगा की कॅरेन्स? आई कुठे बसणार ते आधी ठरवा

मारुतीची अर्टिगा घ्यावी की कियाची कॅरेन्स, या दोन सात सीटांच्या गाड्यांबद्दल खानापूरच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. घरात सहा माणसं: ते स्वतः, बायको, दहावीतला मुलगा (उंची पावणेसहा फूट, अजून वाढतोय), ७ वर्षांची मुलगी, ७४ वर्षांचे वडील आणि ६८ वर्षांची आई. आईचे दोन्ही गुडघे दुखतात. महिन्या-दोन महिन्यांनी बेळगावला डॉक्टरकडे जायचं असतं. वर्षातून एकदा सौंदत्ती, एकदा जोतिबा, आणि दिवाळीला व मे महिन्यात पुण्याला बहिणीकडे. ते लिहितात, "अर्टिगा आणि कॅरेन्स, दोन्हीत दहा-दहा मिनिटं बसून आलो. दोन्हीत बरंच वाटलं. आत जागा कशात जास्त आहे, आणि लांबच्या प्रवासाला सीट कुठल्या चांगल्या?"

मी बेळगावात शहापूर भागात २६ वर्षं गाड्यांच्या सीटचं काम करतो. कव्हर शिवणं, फोम बदलणं, तुटलेल्या फ्रेमला वेल्डिंग करून आणणं, स्प्रिंग बदलणं, सगळं. गाडी विकणाऱ्याला सीट नवी असतानाच दिसते. माझ्याकडे ती चार-सहा वर्षांनी उघडी होऊन येते, तेव्हा कोण कसं बसत होतं ते तिच्यावर उमटलेलं असतं. ड्रायव्हरच्या सीटची उजवी कड आधी चेपते, कारण उतरताना माणूस तिच्यावरून घसरत उतरतो. मागच्या खिशात पाकीट ठेवून गाडी चालवणाऱ्याच्या सीटला एकाच बाजूला खड्डा पडतो. हे सगळं पाहून झालेलं माझं मत सांगतो.

पहिलं म्हणजे दहा मिनिटांच्या बसण्यावर निर्णय घेऊ नका. पहिल्या दहा मिनिटांत मऊ सीट नेहमी जिंकते. माणूस टेकतो, सीट खाली जाते, अंगाला लागत नाही, छान वाटतं. पण बसल्यावर शरीराचं वजन मुख्यतः दोन हाडांवर येतं, बैठकीची हाडं. मऊ फोममध्ये ती हाडं हळूहळू खाली जातात, आणि तासाभरानं खालच्या कडक थरापर्यंत पोचतात. मग माणूस एकदा या कुल्ल्यावर, एकदा त्या कुल्ल्यावर असं करत राहतो. थोडी कडक सीट शोरूममध्ये कमी भावते, पण पुण्याच्या वाटेवर संकेश्वर ओलांडल्यावर तीच बरी वाटू लागते. कारण ती वजन मांड्यांनाही वाटून देते. खानापूरहून बेळगाव पंचवीस-सव्वीस किलोमीटर. तेवढ्यात कुठलीही सीट चालून जाते. बेळगावहून पुणं साधारण ३४० किलोमीटर आहे, सीटची खरी ओळख तिथं होते.

आता कॅटलॉगचे आकडे. अर्टिगाचा, म्हणजे २०१८ च्या शेवटी आलेल्या घडणीचा, व्हीलबेस २७४० मिलिमीटर आणि रुंदी १७३५. २०२२ साली आलेल्या कॅरेन्सचा व्हीलबेस २७८० आणि रुंदी १८००. २०२५ मध्ये कॅरेन्सच क्लॅव्हिस या नावानं नव्या चेहऱ्यात आली, व्हीलबेस आणि रुंदी तीच राहिली. म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर कॅरेन्समध्ये ४० मिलिमीटर जास्त, साधारण दोन बोटं. ही दोन बोटं तीन रांगांत वाटली जातात, त्यामुळे नुसत्या व्हीलबेसनं फार फरक पडत नाही. रुंदीतला ६५ मिलिमीटरचा फरक मात्र मधल्या रांगेत तीन मोठी माणसं बसली की खांद्याला जाणवतो. तोही पूर्ण मिळत नाही, कारण ही बाहेरची मापं आहेत, त्यातलं थोडं दरवाज्यांच्या जाडीत जातं. तरीही तुम्ही नुसतं "जागा कशात जास्त" विचारलंत तर उत्तर कॅरेन्स. यात वाद नाही.

पण तुमच्या घराचा प्रश्न एवढ्यानं सुटत नाही, आणि हे मी कसं शिकलो ते सांगतो.

बारा-तेरा वर्षांपूर्वी येळ्ळूरच्या एक शिक्षिका गाडी घेऊन आल्या होत्या. मधली सीट बसली होती, त्यांना ती कडक करून हवी होती. मी जुना फोम तसाच ठेवला आणि त्याखाली तुकड्यांपासून दाबून बनवलेल्या जाड फोमची शीट घातली. काम दिसायला झकास झालं. पंढरपूरला जाऊन आल्यावर त्या परत आल्या आणि पाय दाखवले. दोन्ही घोटे सुजले होते. "सीट चांगली आहे ओ, पण पाय बधिर होऊलालेत," म्हणाल्या. मी त्यांना सीटवर बसवलं आणि खाली वाकून बघितलं. टाचा जमिनीला टेकतच नव्हत्या. मी सीट कडक करताना इंचभर उंच करून ठेवली होती. त्यांची उंची कमी, त्यामुळे पाय लोंबकळत होते आणि सीटची पुढची कड गुडघ्याच्या मागे, जिथून रक्ताच्या नसा जातात तिथं, चार-पाच तास रुतत होती. शीट काढली, कड गोल करून दिली, पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून कुणीही सीट करायला आलं की मी आधी माणसाचं माप घेतो: बूट-चप्पल घालून खुर्चीवर बसवायचं, आणि जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंत टेपनं मोजायचं.

तुम्ही हेच करा. घरी आईचं, वडिलांचं, बायकोचं आणि मुलाचं हे माप घ्या आणि कागदावर लिहा. मग शोरूममध्ये प्रत्येक रांगेत गाडीच्या आतल्या फरशीपासून सीटच्या पुढच्या कडेपर्यंतची उंची मोजा. शिंपी मापाशिवाय ब्लाऊज शिवत नाही. दहा-पंधरा लाखांच्या वस्तूला टेप लावायला लाजू नका. सीटची उंची माणसाच्या मापापेक्षा जास्त झाली की पाय लोंबकळतात. फार कमी झाली की गुडघे वर येतात, मांड्या सीटवरून उचलल्या जातात आणि सगळा भार पुन्हा त्या दोन हाडांवर आणि माकडहाडावर येतो. आणखी एक खूण: पाठ टेकवून बसल्यावर सीटची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यात दोन-तीन बोटं जावीत. आईला बोटं जात नसतील तर तिच्यासाठी सीट लांब आहे. मुलाला अख्खा पंजा जात असेल तर त्याच्यासाठी आखूड आहे.

आता आईकडे येतो, कारण तुमच्या गाडीतलं सगळं तिच्यावरून ठरतं.

आपल्याकडे पुढची डावी सीट वडीलधाऱ्या पुरुषाची, आणि आई मधल्या रांगेत खिडकीशी. हे बदला. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसासाठी सात सीटांच्या गाडीत सगळ्यात चांगली जागा पुढची डावी. ती मागे सरकते, पाठ हवी तेवढी कलते, पाय लांब करता येतात, दरवाजा सरळ उघडतो आणि समोर दुसऱ्या सीटची पाठ नसते. मधल्या रांगेत शिरताना पाय वाकवून आणि वळवून आत घ्यावा लागतो, आणि दुखऱ्या गुडघ्याला सगळ्यात जास्त त्रास त्या वळण्याचा असतो. आईला सांगा, आधी पाठ सीटकडे करून टेकायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. उतरताना उलट: आधी दोन्ही पाय बाहेर, मग उठायचं. एक पाय आत आणि एक बाहेर अशा अवस्थेत वजन टाकायचं नाही.

इथं सीटचं कापड महत्त्वाचं ठरतं. कॅरेन्सच्या वरच्या मॉडेलांत लेदरेट, म्हणजे नकली चामडं येतं, अर्टिगात कापडी सीट. लेदरेटवर बूड सहज फिरतं, त्यामुळे आईला पाय आत घेणं सोपं जाईल. पण त्याच गुळगुळीतपणामुळे सिल्कची साडी नेसलेली बाई ब्रेक लागला की पुढे सरकते, आणि वंटमुरीच्या उतारावर ब्रेक सारखा लागतोच. कापडी सीट धरून ठेवते, पण वळताना अडते. मी स्वतः गुडघेदुखीवाल्यांना कापडी सीटच घ्यायला सांगतो. बसताना बुडाखाली एक प्लास्टिकची पिशवी ठेवायची, वळून झालं की ओढून काढायची. लेदरेट घेतलंत तर सीटचा पुढचा भाग थोडा वर करून ठेवता येतो का ते बघा, म्हणजे घसरण थांबते. उन्हाचाही विचार करा. बेळगावची हवा थंड, पण मे महिन्यात पुण्याला जाताना दुपारी जेवायला थांबून परत काळ्या लेदरेटवर बसणं म्हणजे तव्यावर बसणं.

जमिनीपासून सीट किती उंच हेही आईलाच विचारा, आकड्यांना नव्हे. उभी असताना तिचं बूड जिथं येतं त्याच्या किंचित खाली सीट हवी, म्हणजे ना चढावं लागतं ना खाली सोडावं लागतं. बुटक्या गाड्यांपेक्षा या दोन्ही गाड्या याबाबतीत कितीतरी बऱ्या आहेत. पण आईची उंची पाच फुटाच्या आत असेल तर कॅरेन्सची बैठक तिला कदाचित चढावी लागेल. आईला साडी नेसूनच न्या. पंजाबी ड्रेसमध्ये चढता येणं आणि नऊवारी सावरत चढता येणं यात फरक आहे.

आई पुढे गेली की बाकीच्यांची जागा आपोआप ठरते. गाडी तुम्ही चालवणार. मधल्या रांगेत वडील आणि मुलगा. तिसऱ्या रांगेत वहिनी आणि छोटी.

मुलाची काळजी मधल्या रांगेत फारशी नाही. दोन्ही गाड्यांची मधली सीट पुढे-मागे सरकते आणि पाठही कलते. पावणेसहा फुटाचं पोर दोन्हीत बसेल. पुढची सीट मागे सरकवली तरी मुलाचे पंजे तिच्या खाली जातात का, एवढं बघा. लोक गुडघ्यासमोरची जागा बघतात आणि पायाची विसरतात. पंजे पुढच्या सीटखाली गेले तर पाय लांब होतात, नाहीतर गुडघ्यासमोर वीत असूनही पाय दुमडूनच बसावं लागतं. मुलाला आईच्या मागे बसवू नका, कारण आईची सीट मागे गेलेली असणार. तो तुमच्या मागे, वडील आईच्या मागे. वडिलांसाठी पाठ अगदी सरळ ठेवू नका. १०० ते ११० अंशांच्या कोनात कललेली पाठ मणक्यावरचा भार हलका करते. पार झोपवली तर मान पुढे काढून बसावं लागतं, तेही नको.

मधल्या तीन जणांच्या बाबतीत माझा अनुभव थोडा वेगळा आहे. अर्टिगाची मधली सीट बरीच सपाट, त्यामुळे मध्ये बसणाऱ्याला उंचवट्यावर बसल्यासारखं होत नाही. कॅरेन्सला रुंदी आहे, पण सीटला दोन्ही कडेच्या माणसांसाठी खोलगट आकार दिलाय. कडेला बसणाऱ्याला त्यात छान धरून ठेवलं जातं, मधल्याला कमी. तुमच्याकडे मध्ये रोज कुणी बसणार नाही, म्हणून यावर जास्त बोलत नाही. कुणी बसणार असेल तर त्या मधल्या जागेला खांद्यावरून येणारा तीन टोकांचा बेल्ट आहे ना, ते हाताळून बघा. नुसता कमरेचा बेल्ट मला पटत नाही.

तिसऱ्या रांगेवर मात्र सविस्तर लिहायलाच हवं, कारण तिथं तुमची बायको बसणार आहे आणि ती तक्रार करणार नाही. आपल्या घरांत सासू-सासरे, नवरा, मुलं आपापल्या जागी बसली की उरलेल्या जागेत बाई बसते. तिला विचारलं तर "मला काय, कुठं पण चालतं" म्हणते. माझ्या दुकानात आजवर किती जण आले, "मधली सीट आरामाची करा, पुढची करा" म्हणत. तिसरी रांग आरामाची करून द्या म्हणणारे मी बोटावर मोजीन. म्हणून तुम्हाला मुद्दाम सांगतो, शोरूममध्ये तिसऱ्या रांगेत अर्धा तास तुम्ही स्वतः बसा.

तिसरी रांग मागच्या चाकांच्या वर येते. चाकांना, ॲक्सलला आणि स्प्रिंगला जागा द्यायची म्हणून तिथली फरशी उंच असते. छत तर उंच करता येत नाही. मग सीट फरशीपासून कमी उंचीवर ठेवावी लागते. परिणाम असा की बसल्यावर गुडघे वर, मांड्या अधांतरी, आणि सगळा भार बुडावर. दोन्ही गाड्यांत हे आहे. कुठल्याही सात सीटांच्या गाडीत थोडंफार असतंच. गुडघ्यासमोरची जागा कॅरेन्समध्ये मला जास्त सुटसुटीत वाटते. अर्टिगाची तिसरी रांग डोक्यावर मोकळी आणि काचा मोठ्या, त्यामुळे कोंडल्यासारखं होत नाही. दोन्हीत तिसऱ्या रांगेची पाठ कलते, ही चांगली गोष्ट. आणि लक्षात ठेवा, मधली रांग जितकी मागे घ्याल तितकी जागा तिसऱ्या रांगेतून जाते. वडिलांनी सीट शेवटपर्यंत मागे घेतली तर वहिनींचे गुडघे तिला टेकणार. म्हणून मधली सीट कुठपर्यंत मागे घ्यायची ती खूण शोरूममध्येच ठरवा, सगळे बसलेले असताना.

मांड्यांच्या या अधांतरी बसण्यावर एक घरगुती उपाय आहे, दुकानात येणाऱ्यांना मी तोच देतो. घरातली जुनी वाकळ घ्या, आपल्याकडे काही घरांत कौदी म्हणतात ती. तिची हातभर लांब, मनगटाएवढी जाड गुंडाळी करा, दोऱ्यानं बांधा, आणि सीटच्या पुढच्या भागावर, मांड्यांखाली ठेवा. बुडाखाली नाही. बुडाखाली ठेवलं तर माणूस उंच होतो आणि डोकं छताला लागतं. मांड्यांना टेकू मिळाला की भार वाटला जातो, आणि तीन तासांचा प्रवास चार तास सोसतो. बाजारातली फुगीर उशी यासाठी उपयोगाची नाही, ती दबून जाते. वाकळीत कापडाचे थर घट्ट शिवलेले असतात, त्यामुळे ती आकार धरते.

छोटीचं सांगायचं तर मागच्या रांगेत पोरांना गाडी लागते. मागच्या चाकांच्या वर बसल्यावर गाडीचं डोलणं जास्त जाणवतं, आणि तवंदीच्या घाटात किंवा जांबोटीवरून चोर्ला उतरताना वळणावर वळण. बाहेर लांबवर नजर राहिली तर हा त्रास कमी होतो, इथं अर्टिगाच्या मोठ्या काचांचा उपयोग होतो. हवेचा मुद्दा कॅरेन्सच्या बाजूचा: तिच्यात मधल्या आणि तिसऱ्या, दोन्ही रांगांना छतातून एसीची हवा येते. अर्टिगात कित्येक वर्षं छतातली हवा मधल्या रांगेपुरती होती, तिसरीत बसणाऱ्याला पुढून वाहत येईल तेवढीच. तुम्ही जे मॉडेल घेणार त्यात तिसऱ्या रांगेला स्वतंत्र हवा आहे का, ते एसी लावून, मागे बसून, तोंडावर हवा घेऊन बघा. पोरीला गार हवा तोंडावर मिळाली तर उलटीचा अर्धा त्रास जातो.

तिसऱ्या रांगेत शिरणं हा आणखी एक भाग. कॅरेन्सच्या वरच्या मॉडेलात मधल्या सीटवरचं बटण दाबलं की ती सीट आपोआप पुढे कोलमडते आणि वाट मोकळी होते. वहिनींच्या हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात पोरगी असेल तेव्हा या बटणाची किंमत कळते. अर्टिगात लिव्हर ओढून सीट पुढे ढकलावी लागते, जमते, पण दोन हात लागतात.

सामानाचं लवकर आवरतो. तीनही रांगा उभ्या असताना अर्टिगाची डिकी २०९ लिटर, कॅरेन्सची २१६. सात लिटरचा फरक, विसरून जा. दोन मऊ बॅगा आणि एक कुंद्याचा डबा, एवढंच बसेल. पुण्याला सहा जण जाताना वर कॅरियर लागणारच. सीएनजीची अर्टिगा घेणार असाल तर टाकी डिकीतच बसते, मग सहा माणसांचं सामान कुठं ठेवणार ते आधी ठरवा.

कॅरेन्समध्ये मधल्या रांगेत दोन स्वतंत्र खुर्च्यांचं सहा सीटांचं मॉडेलही मिळतं. तुम्ही सहाच जण, त्यामुळे शोरूमवाला तेच गळ्यात मारेल. खुर्च्यांना हात टेकायला दांडा असतो, वडिलांना उठताना तो कामी येईल, हे खरं. तरी मी तुम्हाला सलग सीटचं घ्या म्हणेन. आपल्याकडे लग्नाला निघालं की दारात आत्या उभी असते, आणि तिला नाही म्हणता येत नाही. शिवाय बेळगावच्या दवाखान्यातून आईला कधी आणावं लागलं तर मध्ये मोकळी जागा असणं बरं, शेजारी कुणीतरी हात धरून बसतं.

रस्त्याच्या धक्क्यांबद्दलही थोडं. सीट कितीही चांगली असली तरी धक्का आधी टायरवर येतो. अर्टिगाला १८५/६५ आर१५ टायर. २०२२ साली आलेल्या कॅरेन्सच्या वरच्या मॉडेलांना २०५/६५ आर१६ होते. यातला पहिला आकडा म्हणजे टायरची मिलिमीटरमधली रुंदी, आणि ६५ म्हणजे त्या रुंदीच्या ६५ टक्के उंचीची रबरी भिंत. हिशोब केला तर अर्टिगाची भिंत १२० मिलिमीटर, त्या कॅरेन्सची १३३. खड्डा पचवायला ती जास्तीची भिंत मदत करते. चाकातली हवा मात्र दाराच्या चौकटीवर लिहिलेली तेवढीच ठेवा. सहा माणसं बसली म्हणून पंपावर अंदाजानं चार-पाच जास्त भरून घेतात, आणि मग सीट कडक आहे म्हणून माझ्याकडे येतात. भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा तिथंच दिलेला असतो.

तर माझं मत. तुमच्या घरासाठी कॅरेन्स, सात सीटांची, सलग मधल्या रांगेची. कारण तुमच्या गाडीत तिसरी रांग शोभेची राहणार नाही, तिथं प्रत्येक लांबच्या प्रवासात दोन माणसं बसणार आहेत, आणि तिथली जागा, हवा, शिरण्याची वाट या तिन्हीत ती पुढे आहे. अट एकच: आईला पुढच्या सीटवर चढता-उतरता आलं पाहिजे. ते नाही जमलं तर बाकी सगळं सोडून अर्टिगा घ्या. पैशाची ओढाताण असेल आणि पुणं वर्षातून दोनदाच होणार असेल तरीही अर्टिगा घ्या, तुम्ही चूक केली असं मी म्हणणार नाही. बेळगाव-गोवा भाड्याला धावणाऱ्या किती अर्टिगांच्या सीट मी उघडल्यात. दोन लाख किलोमीटर झालेल्या गाडीतही ड्रायव्हरची सीट सोडली तर कंपनीचा फोम बहुतेक वेळा शाबूत असतो.

शोरूमला पुन्हा जा, पण सहाही जण जा, आणि रविवारी दुपारी नको, गर्दीत सेल्समन घाई करतो. आधी तुम्ही ड्रायव्हरची सीट स्वतःला लावून घ्या. मग आईची. मग मुलगा तुमच्या मागे, वडील आईच्या मागे, शेवटी वहिनी आणि छोटी. सगळे एकाच वेळी बसून अर्धा तास आतच गप्पा मारा. पंधरा मिनिटांनंतर कोण चुळबुळ करतंय ते बघा, तोंडानं सांगतील त्यापेक्षा ते खरं असतं. चाचणीला गाडी मिळाली की गुळगुळीत हायवेवर नेऊ नका. गल्लीतले गतिरोधक आणि खडबडीत रस्ता घ्या, सहा जणांना घेऊन, आणि तिसऱ्या रांगेत त्या वेळी तुम्ही बसा, गाडी दुसरा कुणी चालवू दे.

गाडी आल्यावर पहिल्याच आठवड्यात जाड कव्हर मारायला जाऊ नका. हे मी कव्हर शिवून पोट भरणारा माणूस सांगतोय. आजकालच्या बऱ्याच गाड्यांत पुढच्या सीटच्या बाहेरच्या कडेत एअरबॅग असते, त्या बाजूला एअरबॅगचा बिल्ला किंवा शिलाईत गुंफलेलं कापड दिसेल. तिच्यावर जाड रेक्झिनचं घट्ट कव्हर आलं तर अपघाताच्या क्षणी ती वेळेत फुटून बाहेर येत नाही. कव्हर हवंच असेल तर एअरबॅगच्या जागी मोकळी सोडलेली किंवा कमकुवत दोऱ्यानं शिवलेली कड मागून घ्या. शिवणाऱ्याला ते म्हणजे काय हे माहीत नसेल तर त्याच्याकडून करून घेऊ नका. कव्हरच्या आत जास्तीचा फोमही घालून घेऊ नका, नाहीतर येळ्ळूरच्या बाईंसारखं होईल.

आणि फिकट रंगाच्या कापडी सीट घेणार असाल तर सौंदत्तीहून परतताना सीटवर जुनी चादर टाका. भंडाऱ्याची हळद कापडात एकदा मुरली की ड्रायक्लीनिंगनंही निघत नाही. माझ्याकडे आलेल्या फिकट सीटवर मी ते पिवळे डाग कितीदा पाहिलेत, मधल्या रांगेत खिडकीच्या बाजूला, हात टेकून उतरताना बोटं जिथं पडतात बरोबर तिथं.